तारांखालचा कंदील

रसायनी हे नाव जुन्या नकाशात शोधून सापडणार नाही. मोहोपाडा, वासांबे, रीस ही जुनी गावे. त्यांच्या शेजारी १९६०मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना आला, पाठोपाठ इतर कारखाने आले आणि रसायनांच्या वस्तीला ‘रसायनी’ असे सरळ नाव पडले. कारखाने इथेच का आले, याचे एक उत्तर पाताळगंगा नदीत आहे. सह्याद्रीच्या या बाजूच्या बहुतेक नद्या होळीनंतर आटतात. पाताळगंगा मात्र भर वैशाखातही वाहते, कारण तिच्यात खोपोलीच्या वीजघरातून बाहेर पडणारे पाणी येते. म्हणजे रसायनी ही ज्या पाण्यावर वसली, ते आधी वीज करून मोकळे झालेले पाणी आहे.

ही वीज शंभर वर्षांहून अधिक काळ तयार होते आहे. आणि तरीही खालापूर-कर्जत तालुक्यांतल्या घराघरांत, खुंटीवर किंवा देवळीत, हातात घेऊन चालण्याचा एक दिवा आजही असतोच. आधी तो रॉकेलचा होता, आता चार्जिंगचा आहे. वीज दाराशी असताना हा दिवा का टिकला आणि कोणता दिवा टिकला, या दोन प्रश्नांचा माग घेतला की आज दुकानात चार्जिंगचा कंदील निवडताना काय पाहावे, याचेही उत्तर मिळते.

घाटाखालची वीज

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१०मधली. लोणावळ्याच्या धरणाची कोनशिला फेब्रुवारी १९११मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी बसवली. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली सुमारे सतराशे फूट उतरवायचे आणि त्याच्या झोताने खोपोलीत चक्रे फिरवायची, अशी योजना होती. फेब्रुवारी १९१५मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीज सुरू झाली. पाठोपाठ कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर १९२२मध्ये चालू झाले. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत दोन वीजघरे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याला हा मान फार लवकर मिळाला.

पण वीज इथे थांबली नाही. ती सुमारे सत्तर किलोमीटर दूर मुंबईत परळला गेली. गिऱ्हाईक ठरलेले होते: कोळशावर चालणाऱ्या कापडगिरण्या. एवढ्या लांब वीज न्यायची तर दाब फार मोठा लागतो, म्हणून ती एक लाख व्होल्टच्या तारांतून नेली. ही तार शेतावरून जाते म्हणून शेतकऱ्याला तिच्यातून दिवा लावता येत नाही. मध्ये उपकेंद्र हवे, दाब उतरवणारे रोहित्र हवे, गावात खांब हवेत आणि या खर्चाची परतफेड करील इतकी वापरणारी माणसे हवीत. गिरणी एका जोडणीत हजारो अश्वशक्ती घेई. इथल्या ठाकर किंवा कातकरी पाड्यावर संध्याकाळी लागत होता तो घरटी एक दिवा. कंपनीच्या हिशेबात तो दिवा बसत नव्हता. त्यामुळे वाडीवरून तारा गेल्या आणि तारांखाली कंदील राहिला.

घासलेट, काच आणि स्वदेशी

कंदील त्याआधीच इथे पोचला होता. त्याच्याही आधी करंजाचे, उंडीचे, तिळाचे तेल होते आणि रात्री वाट चालायला पेटती चूड. वनस्पतीचे तेल दाट असते, ते वातीतून फार वर चढत नाही. म्हणून पणतीत आणि समईत ज्योत तेलाच्या काठाशीच ठेवावी लागते, आणि असा दिवा घेऊन वाऱ्यात चालता येत नाही. रॉकेल पातळ असते. ते वातीतून वीतभर सहज चढते, त्यामुळे टाकी खाली आणि ज्योत वर काचेत, अशी रचना शक्य झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तेल डब्यांतून आले आणि मराठीने त्याला दोन नावे दिली: दगडाच्या तेलाचे ‘रॉकेल’ आणि गॅसलाइटवरून ‘घासलेट’.

वादळी कंदिलाची खरी करामत त्याच्या बाजूच्या दोन नळ्यांत आहे. या नळ्या केवळ मूठ धरायला नसतात. वरून ताजी हवा या नळ्यांतून खाली बर्नरपर्यंत जाते आणि ज्योतीला पुरते; जळालेली हवा मधून वर निघून जाते. वाऱ्याचा झोत आला तरी ज्योतीवर थेट आदळत नाही. अमेरिकेत १८७०च्या दशकात ही रचना पक्की झाली आणि अमेरिकन व जर्मन कंदील जगभर विकले जाऊ लागले. हिंदुस्थानातही तेच येत. त्यांची काच फुटली की नवी काचही परदेशीच घ्यावी लागे.

स्वदेशीच्या चळवळीने नेमके हे दुखणे ओळखले. माणशी एक पैसा वर्गणी जमवून अंताजी दामोदर काळे यांनी उभारलेल्या पैसा फंडातून १९०८मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. कर्जतहून घाट चढून गेले की पुढे काही अंतरावरच तळेगाव. या कारखान्याने काच तर केलीच, पण काच करणारी माणसेही घडवली. पुढे १९१६मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळाले आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर घरोघरी गेला.

प्रभाकर कंदिलाच्या यशाचे श्रेय आपण सहसा देशाभिमानाला देतो. ते आहेच. पण अभिमानाने घेतलेली वस्तू घरात तीस-चाळीस वर्षे टिकायला आणखी काहीतरी लागते. हा कंदील उघडता येत असे. काच काढून राखेने पुसता येई, फुटली तर तालुक्याच्या बाजारात त्याच मापाची दुसरी मिळे. वात हातभर मापून घेता येई. टाकीला भोक पडले तर कल्हईवाला किंवा डाग देणारा ते बुजवी. त्यातला एकही भाग असा नव्हता की जो गेल्यावर सगळा कंदील फेकावा लागेल.

आपल्यापुरता दिवा

वस्तू आपल्या कामाप्रमाणे बदलून घेणे याला आज ‘कस्टमाइज’ म्हणतात. इथे ते फार जुने आहे. कर्जत स्टेशनात बोरघाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिन लागे. तिथल्या गार्डाची हातबत्ती म्हणजे आत लाल आणि हिरवी काच फिरवता येणारा कंदीलच. ज्योत एक, अर्थ तीन. गावातही काचेच्या एका बाजूला कागद चिकटवून झोपलेल्या लेकराच्या डोळ्यांवरचा उजेड अडवत. गोठ्यात न्यायच्या कंदिलाला लांब तारेची कडी करत, म्हणजे तो गवतापासून दूर आढ्याला टांगता येई.

लग्नाला, तमाशाला, भजनाला मात्र कंदील पुरत नसे. तिथे गॅसबत्ती आली. तिच्यात पंप मारून रॉकेलवर दाब आणायचा, तापलेल्या नळीत त्याची वाफ करायची आणि ती वाफ जाळीच्या ‘मेंटल’मध्ये जाळायची. उजेड ज्योतीचा नसतो, तापून पांढऱ्या झालेल्या मेंटलचा असतो. ही जाळी ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी १८८५च्या सुमारास शोधली. तिच्या सुधारित रूपात नव्व्याण्णव टक्के थोरियमचे आणि एक टक्का सेरियमचे ऑक्साइड असे. तोच थोरियम पुढे आपल्या त्रावणकोरच्या वाळूतही सापडला. बत्ती लख्ख होती, पण एकदा जळलेले मेंटल म्हणजे नुसती राख. धक्का लागला की गळून पडे. म्हणून बत्ती भाड्याने आणायची, सोबत ती सांभाळणारा माणूसही आणायचा, असा रिवाज पडला. वर्षातून दोनदा लागणारा उजेड घरात बाळगू नये, हा त्यामागचा हिशेब आजही विचारात घेण्यासारखा आहे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नूरी’ नावाचा सुधारित रॉकेलचा मेंटल-कंदील तयार केला. शंभर वॅटच्या जुन्या बल्बच्या तोडीचा, म्हणजे तेराशेच्या आसपास लुमेन उजेड तो देई. लुमेन हे उजेड मोजायचे माप आहे. मेणबत्ती साधारण बारा लुमेन देते, वादळी कंदील काही दशके लुमेन. म्हणजे नूरी ही एका अर्थाने घरात आणता येईल अशी गॅसबत्ती होती. खेड्यातल्या दिव्यावर महाराष्ट्रात झालेले हे अतिशय गंभीर काम. पण तोवर गावोगाव तारा येत होत्या आणि सरकारचे, बाजाराचे लक्ष विजेकडे वळले होते.

लाईट गेली

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६०मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खांब गावात शिरले. मराठीत तेव्हापासून वीज ‘लाईट’ झाली आणि ती ‘येऊ’ व ‘जाऊ’ लागली. जूनमध्ये पहिल्या वाऱ्याला फांदी तारेवर पडली की ती जाई. पण २००५नंतर ती वेळापत्रकाने जाऊ लागली. मंडळाचे विभाजन जून २००५मध्ये होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली आणि त्याच सुमारास विजेचा तुटवडा असा वाढला, की ‘भारनियमन’ हा कचेरीतला शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी बसला. संध्याकाळी गावाने मोठी यंत्रे आपण होऊन बंद ठेवायची आणि त्या बदल्यात दिव्यापुरती वीज मिळवायची, अशी अक्षय प्रकाश योजना याच काळातली. गावाला काय हवे होते, ते या योजनेच्या नावातच आहे.

याच वर्षांत दुकानांत ‘इमर्जन्सी लाईट’चे ढीग लागले. आत शिसे-आम्लाची बॅटरी, बाहेर दोन नळ्या. दोन-तीन वर्षांत यातले बहुतेक दिवे माळ्यावर गेले. कारण साधे आहे. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या पत्र्यांवर गंधकाच्या क्षाराचा थर धरतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. भारनियमन कमी झाले, दिवा कोपऱ्यात रिकामा पडला आणि तिथेच संपला. सरकारी योजनेतल्या जुन्या सौर कंदिलांचेही हेच झाले. त्यांत दहा वॅटचे पॅनेल, बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची बॅटरी आणि सात वॅटची सीएफएल असे. रचना चांगली, पण बॅटरी गेल्यावर बदलायला पाड्याजवळ कोणी नव्हते. प्रभाकर कंदिलामागे जी साखळी होती, वात, काच, डाग देणारा, ती या दिव्यामागे उभीच राहिली नाही.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत सौर अभ्यासदिवा पोचवण्याचा जो उपक्रम झाला, त्याचे महत्त्व मला या पार्श्वभूमीवर वाटते. त्यात दिवे कारखान्यातून बंद होऊन आले नाहीत. सुटे भाग आले, गावातल्याच माणसांना ते जोडायला शिकवले आणि दुरुस्तीही त्यांच्याकडेच ठेवली. ज्याने दिवा जोडला, त्याला तो उघडताही येतो. शंभर वर्षांनी आपण ओगलेवाडीच्याच धड्याशी आलो होतो.

आजचा कंदील निवडताना

आजच्या कंदिलाचे दोन प्राण आहेत. पांढरी एलईडी ही जपानमध्ये १९९०च्या दशकात निळी एलईडी साधल्यामुळे शक्य झाली; तिच्या तिघा संशोधकांना २०१४चे नोबेल मिळाले. लिथियम-आयन बॅटरी १९९१मध्ये बाजारात आली. तिचाच अधिक सोशिक प्रकार, लिथियम-लोह-फॉस्फेट, टेक्सासमधल्या ज्या संशोधनातून पुढे आला त्यात अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचा मोठा वाटा होता.

हिशेब करून पाहू. चांगला ‘१८६५०’ मापाचा एक सेल ३.७ व्होल्ट आणि २५०० मिलिअँपिअर-तासांचा असतो, म्हणजे सव्वानऊ वॅट-तास. एलईडी एका वॅटला साधारण शंभर लुमेन देते. शंभर लुमेनचा उजेड ठेवला तर गळती धरून आठ तास, आणि वीस लुमेनवर आणला तर चाळीस तासांच्या आसपास. वीस लुमेन म्हणजे दीड-दोन मेणबत्त्या. स्वयंपाकघरात वावरायला आणि तंबूत बसायला तेवढा पुरतो. म्हणून कंदील किती प्रखर आहे हे पाहण्यापेक्षा तो किती मंद होतो हे आधी पाहावे. खोक्यावरच्या आकड्यांनीही दबून जाऊ नये. या मापाच्या सेलमध्ये सुमारे ३५०० मिलिअँपिअर-तासांपेक्षा जास्त मावत नाही. त्यावर ९९०० छापलेले असेल, तर छापणाऱ्याची नियत कळते.

दुसरी परीक्षा स्क्रूची. तळ स्क्रूने उघडतो का, सेल प्रमाणित मापाचा आणि बदलता येईल असा आहे का, चार्जिंगची खाच घरातल्या फोनच्या वायरीची आहे का? डिंकाने बंद केलेला दिवा कितीही देखणा असला तरी तो सेलच्या आयुष्याइतकाच जगतो. साधा लिथियम सेल सुमारे पाचशे वेळा भरता येतो, लोह-फॉस्फेटचा दोन हजारांच्या पुढे जातो आणि उन्हाही कमी कुरकुरतो. मात्र बदलताना एक काळजी अटळ आहे. लोह-फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि ३.६५ व्होल्टला भरतो. साधा सेल ४.२ला भरतो. एकाच्या जागी दुसरा घालून तोच चार्जर वापरणे धोक्याचे. सेलवर संरक्षण-सर्किट असावे, आणि उघड्या सेलवर थेट डाग देऊ नये. पट्ट्या जोडून आलेला सेल घ्यावा.

बाकीची जुळवाजुळव आपल्या आजीच्याच जातीची आहे. डोळ्यांत जाणारा उजेड दुधी बाटलीचा तुकडा किंवा ट्रेसिंग पेपर लावून पसरवता येतो. अंधारात दिवा सापडावा म्हणून त्याला रेडियमची पट्टी लावावी. टांगायला कडी आणि सुतळी हवी. कोकणच्या दमट हवेत पत्र्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, त्या पुसून व्हॅसलिनचा हलका हात द्यावा. सहा व्होल्टचे छोटे सौर पॅनेल जोडायचे असेल, तर ते थेट सेलला न जोडता चार्जिंगच्या सर्किटमधूनच जोडावे.

रंगाचाही विचार हवा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त येतात, पिवळसर उजेडाकडे कमी. मे-जूनमध्ये राजमाचीच्या वाटेवर काजवे पाहायला गर्दी होते. काजव्यांचे नर-मादी चमकून एकमेकांना शोधतात. तिथे पाचशे लुमेनचा कंदील लावून बसणे म्हणजे त्यांचे बोलणे बुडवणे. मंद लाल उजेडाची सोय असलेला कंदील तंबूवाल्यांनी घ्यावा, तो या कारणासाठी.

हातात काय आहे

हे सारे हौसेचे वाटेल, म्हणून दोन रात्री आठवाव्यात. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत खांबच्या खांब आडवे झाले आणि काही ठिकाणी वीज यायला आठवडे लागले. इन्व्हर्टर पहिल्याच दिवशी संपले.

दुसरी रात्र १९ जुलै २०२३ची. खालापूर तालुक्यात, रसायनीपासून फार दूर नसलेल्या इर्शाळगडाच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. पावसात आणि धुक्यात रात्री जे वर चढले, त्यांच्या पायापुढे उजेड होता तो हातातला किंवा कपाळावर बांधलेला. दोन्ही हात मोकळे ठेवणारा, पाण्यात न विझणारा आणि पहाटेपर्यंत पुरणारा दिवा ही त्या वाटेवर चैनीची वस्तू नव्हती. याच तालुक्यात १९१५ साली वीज तयार झाली होती, हे त्या रात्रीच्या संदर्भात नोंदवून ठेवावे लागते.

म्हणून घराघरात असा एक तरी दिवा असावा आणि तो उपयोगाचा राहावा. लिथियमचा सेल रिकामा ठेवू नये आणि महिनोन्‌महिने काठोकाठ भरूनही ठेवू नये. अर्ध्याच्या थोडा वर भरून ठेवावा आणि तीन-चार महिन्यांनी पाहावा. आपल्या पंचांगात याची आठवण करून देणारे दिवस आहेतच. दिवाळीत आकाशकंदील काढताना एकदा, होळीला एकदा, आणि मृग लागण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण भरून. तेव्हाच तळाचे चार स्क्रू उघडून आत पाहावे, पट्ट्या पुसाव्यात, फुगलेला सेल दिसला तर काढून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्यावा आणि त्याच मापाचा, त्याच जातीचा नवा बसवावा.